रक्तरसाच्या नमुन्याची पूर्वसिद्धता

निरोगी मनुष्याच्या रक्तरसात पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे ३.५ ते ५ मिलिमोल एवढे असते. हे प्रमाण ६.५ च्या वर चढले तर हृदयाच्या स्पंदनास धोका संभवतो, आणि २.५ च्या खाली उतरले तरीही संभवतो. शरीराने इतक्या अरुंद मर्यादेत सांभाळलेला हा पदार्थ त्याच रक्तातील तांबड्या पेशींत मात्र विपुल असतो. एक लिटर पेशींत तो सुमारे १०० मिलिमोल भरतो. या दोन राशींमध्ये केवळ पेशीचे पातळ आवरण उभे असते, आणि त्या आवरणातून सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ढकलीत राहणारी यंत्रणा पेशीतील शर्करेच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते. रक्त शिरेतून नळीत आले म्हणजे ही यंत्रणा तत्काळ थांबत नाही. परंतु तिला शर्करेचा नवा पुरवठा होत नाही, तिचे तापमान शरीराचे राहत नाही, आणि पेशींचे आवरणही पूर्वीइतके सुरक्षित राहत नाही. रक्तरस, म्हणजे प्रयोगशाळेच्या नित्याच्या बोलीतील सीरम, अलग होईपर्यंत नळीत जे काही घडते ते सर्व अखेर मापनयंत्राच्या आकड्यात उतरते.

हा आकडा चुकीचा असतो असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. नळीतील द्रवात जेवढे पोटॅशियम होते तेवढेच यंत्राने सांगितलेले असते. प्रश्न एवढाच, की नळीतील द्रव हा रोग्याच्या शरीरातील द्रवाचा प्रतिनिधी राहिला आहे काय? विश्लेषक रसायनशास्त्राच्या ग्रंथांत या प्रश्नाला बहुधा एखाददुसरे पृष्ठ मिळते आणि मापनपद्धतींना शेकडो. प्रत्यक्ष अनुभव मात्र उलट दिशेने बोट दाखवितो. इटलीतील प्लेबानी आणि कारारो यांनी १९९७ साली एका तातडीच्या प्रयोगशाळेतील प्रमादांचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यात ६८.२ टक्के प्रमाद मापनापूर्वीच्या टप्प्यातील, १८.५ टक्के मापनानंतरचे, आणि प्रत्यक्ष मापनातील केवळ १३.३ टक्के आढळले.

या विषमतेला इतिहास आहे. १९४७ साली बेल्क आणि संडरमन यांनी पेन्सिल्व्हेनियातील प्रयोगशाळांकडे तयार नमुने पाठवून त्यांच्या उत्तरांची तुलना केली, तेव्हा उत्तरांतील तफावत पाहून अनेकांना धक्का बसला. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातील गुणनियंत्रणाचे आलेख रुग्णालयीन प्रयोगशाळेत आणले. तेव्हापासून रोज नियंत्रण-रक्तरस मोजून यंत्राची व अभिकारकांची पारख करण्याची प्रथा रुजली, आणि तिने मापनात मोठी सुधारणा घडविली यात संशय नाही. परंतु नियंत्रण-रक्तरस बाटलीतून येतो. त्याला दंडावर बांधलेल्या पट्ट्याचा, सुईचा, गुठळीचा, उन्हातील प्रवासाचा अनुभव नसतो. आलेखावरील सर्व बिंदू मर्यादेत पडले असताना रोग्याचा नमुना पूर्णपणे फसवा असू शकतो, आणि आलेखाला त्याचा मागमूसही लागत नाही.

नमुन्याचे रूपांतर शिरेतच सुरू होते. पट्टा फार वेळ आवळून ठेवला की शिरेतील पाणी व लहान रेणू केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर झिरपतात आणि प्रथिने मागे राहतात. मग प्रथिने व त्यांना बांधलेले कॅल्शियम, लोह यांची संहती वाढलेली दिसते. आडवा पडलेला मनुष्य उभा राहिला तरी असाच परिणाम होतो. एकूण प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतात. शीर फुगावी म्हणून रोग्याला मूठ उघडझाप करावयास सांगण्याची सवय तर सर्वत्र आढळते. स्नायूच्या आकुंचनाबरोबर पोटॅशियम बाहेर पडते, आणि केवळ या व्यायामाने ते दर लिटरला १ मिलिमोलहून अधिक चढू शकते, हे १९९० साली स्पष्टपणे दाखविले गेले आहे. पट्टा मिनिटाच्या आत सैल करावा व मूठ स्थिर ठेवावी, एवढेच याचे उत्तर. नळ्यांचा क्रम हीही क्षुल्लक बाब नव्हे. पेशीगणनेच्या नळीत ईडीटीएचे पोटॅशियम लवण असते. त्यातील लहानसा थेंब रक्तरसाच्या नळीत गेला तर पोटॅशियम अवास्तव चढते, आणि कॅल्शियम बद्ध झाल्यामुळे ते अवास्तव उतरते. अल्कलाइन फॉस्फेटेज या एंझाइमाला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही बद्ध होतात. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर निदान सोपे असते; दूषण थोडे असले तर मात्र एकट्या पोटॅशियमचा आकडा दिशाभूल करून जातो.

यानंतर रक्त साखळते. साखळण्यास साधारण तापमानात अर्धा ते एक तास लागतो, आणि हा वेळ घाईने कापता येत नाही. अर्धवट साखळलेले रक्त केंद्रोत्सारकात घातले तर वरच्या रक्तरसात फायब्रिनचे तंतू मागाहून बनत राहतात व यंत्राची सूक्ष्म शोषनलिका तुंबवितात. शोषलेले आकारमान कमी भरले तर सर्वच मापने कमी येतात. हेपारिन घेणाऱ्या रोग्याचे रक्त तर तासातही नीट साखळत नाही. साखळणे ही क्रियाही रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी नाही. गुठळी बनताना बिंबाणू फुटतात व त्यांतील पोटॅशियम रक्तरसात येते, म्हणूनच रक्तरसातील पोटॅशियम हे न साखळलेल्या रक्तद्रवातील पोटॅशियमपेक्षा किंचित अधिक, बहुधा ०.१ ते ०.४ मिलिमोलने जास्त असते. ज्यांच्या रक्तात बिंबाणूंची संख्या अतोनात वाढलेली असते अशांच्या बाबतीत हा फरक फारच मोठा होतो. हार्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली हे दाखवून दिले, की अशा रोग्यांत दिसणारी पोटॅशियमची वाढ शरीरातील नसून नळीतील असते. येथे कोणाचीही चूक नसते. रक्तरस हे माध्यमच त्या रोग्यापुरते अयोग्य ठरते, व हेपारिनच्या नळीतील रक्तद्रव वापरावा लागतो.

तांबड्या पेशी फुटणे, म्हणजे रक्तविलयन, हा मात्र बहुतांशी हाताचा दोष होय. त्याचा हिशेब करून पाहणे बोधप्रद आहे. रक्तात पेशींचा वाटा ४५ टक्के धरला तर एक लिटर रक्तात ४५० मिलिलिटर पेशी आणि ५५० मिलिलिटर द्रव असतो. शंभरांतील एकच पेशी फुटली असे समजू. ४.५ मिलिलिटर पेशीद्रव्य बाहेर आले, त्याबरोबर ०.४५ मिलिमोल पोटॅशियम आले. ते ५५० मिलिलिटरमध्ये पसरल्यावर दर लिटरला सुमारे ०.८ मिलिमोलची भर पडली. त्याच पेशीद्रव्यात दर लिटरला सुमारे ३३० ग्रॅम हीमोग्लोबिन असल्यामुळे रक्तरसात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम हीमोग्लोबिनही उतरले. याचा अर्थ, हीमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅमामागे पोटॅशियम सुमारे ०.३ मिलिमोलने वाढते, आणि प्रत्यक्ष प्रयोगांतूनही साधारण हेच गुणोत्तर मिळते.

पोटॅशियम ४.२ वरून ५.० झाले तर वैद्य कदाचित पुन्हा रक्त मागवील. परंतु मूत्रल औषधे घेणाऱ्या रोग्याचे खरे पोटॅशियम २.९ असताना ते ३.७ दिसले तर? हा आकडा निरोगी दिसतो. त्यावर कोणी शंका घेत नाही, कोणी दुसरा नमुना मागवीत नाही. असा रोगी डिजॉक्सिन घेत असेल तर पोटॅशियमची हीच न दिसलेली उणीव त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकते. वाढलेल्या आकड्याची भीती सर्वांना वाटते. खरी भीती प्राकृत दिसणाऱ्या आकड्याची बाळगावयास हवी.

पेशी फुटण्याची कारणे साधी आहेत: फार बारीक सुई, त्वचेवरील स्पिरिट वाळण्यापूर्वी केलेला छेद, पिचकारीतील रक्त सुईतूनच जोराने नळीत सोडणे, नळी हलक्या हाताने उलटसुलट करण्याऐवजी खळखळून हलविणे, आणि नळीला चिकटलेली गुठळी काडीने खरवडणे. काचेच्या पिचकाऱ्या धुऊन पुन्हा वापरण्याच्या काळात आत राहिलेले पाण्याचे चार थेंबही पेशी फोडण्यास पुरत असत. रक्तविलयनाचा उपद्रव पोटॅशियमपुरता नाही. लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम पेशींत रक्तरसाच्या शंभरपटीहून अधिक असते. हीमोग्लोबिन स्वतः ४१५, ५४० व ५७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून वर्णमापनात लुडबूड करते, तर बिलिरुबिनच्या डायझो-विक्रियेत ते रासायनिक अडथळा आणते. लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास हीमोग्लोबिन आले की रक्तरसावरील गुलाबी छटा डोळ्यांना जाणवते. त्या वेळी पोटॅशियममधील वाढ केवळ ०.१ असते, म्हणजे डोळा हा पहारेकरी म्हणून वाईट नाही. कावीळ झालेल्या रोग्याचा गडद पिवळा रक्तरस मात्र ही छटा झाकून टाकतो.

आता वेळ व तापमान यांचा प्रश्न. गुठळीवर तसाच राहिलेल्या रक्तरसातील ग्लुकोज साधारण तापमानात दर तासाला ५ ते ७ टक्के या गतीने कमी होत जाते, कारण पेशी ते खात असतात. यावर सोडियम फ्लोराइड घालण्याचा जुना उपाय आहे. फ्लोराइड एनोलेज या एंझाइमाला रोखते. पण एनोलेज हे ग्लुकोजच्या विघटनमार्गात बरेच पुढचे स्थानक आहे. तेथे दार बंद झाले तरी मागच्या पायऱ्यांवरील क्रिया तासदोन तास चालू राहते आणि ग्लुकोज तेवढा वेळ घटतच जाते. सिट्रेटने आम्लता वाढविली तर मार्गाच्या आरंभीचीच एंझाइमे मंदावतात, म्हणून तो उपाय तत्काळ लागू पडतो. शिवाय फ्लोराइड यूरिएजलाही रोखते. त्या एंझाइमावर आधारलेल्या पद्धतीने यूरिया मोजावयाचा असेल तर फ्लोराइडची नळी निरुपयोगी ठरते.

मग नळी बर्फात ठेवावी काय? ग्लुकोजपुरते उत्तर होकारार्थी आहे. पोटॅशियमच्या दृष्टीने मात्र याहून वाईट उपाय शोधून सापडणार नाही. चार अंश तापमानात आवरणातील यंत्रणा जवळजवळ थांबते, आणि पोटॅशियम पेशीबाहेर पाझरू लागते. एकही पेशी फुटत नाही, रक्तरस निर्मळ पिवळा राहतो, आणि आकडा चढत जातो. उलट दिशेचा प्रमाद उष्णतेत होतो. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी तालुक्याच्या गावी घेतलेले रक्त न वेगळे करता जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले, तर पहिले काही तास उबेमुळे पेशींतील यंत्रणा अधिक जोमाने चालते व पोटॅशियम आत ओढले जाते. खरोखर वाढलेले पोटॅशियम तेव्हा प्राकृत भासू शकते. पुढे ग्लुकोज संपले की ऊर्जा संपते, आणि मग तेच पोटॅशियम बाहेर येऊ लागते. त्यामुळे त्याच नळीतील द्रव दुपारी एक आकडा देईल, तर रात्री दुसराच. या सर्व गुंत्यातून सुटण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे प्रथम पेशी वेगळ्या करणे आणि मगच थंड करणे. बर्फाची पेटी देण्याऐवजी संकलन केंद्राला लहानसा केंद्रोत्सारक देणे हे म्हणून अधिक शहाणपणाचे ठरते.

केंद्रोत्सारकाची गती मिनिटाला किती फेरे एवढ्यानेच सांगण्याची रीत अपुरी आहे. पेशींवर पडणारे सापेक्ष बल १.११८ × १०⁻⁵ या स्थिरांकाला सेंटिमीटरमधील त्रिज्येने आणि फेऱ्यांच्या वर्गाने गुणून मिळते. ३००० फेऱ्यांना १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ते गुरुत्वाच्या सुमारे १००० पट, तर १६ सेंटिमीटरच्या यंत्रात सुमारे १६०० पट भरते. १००० ते २००० पट बल दहा मिनिटे पुरेसे होते. विभाजक जेलची नळी एकदा फिरविल्यावर पुन्हा फिरवू नये. जेलखालील पेशींच्या सान्निध्यात राहिलेला पोटॅशियमयुक्त द्रव दुसऱ्या फेरीत वर येतो.

येथवरची सिद्धता पेशींपासून मुक्ततेची झाली. पुष्कळ मापनांना प्रथिनांपासूनही मुक्तता लागते, आणि या प्रकरणाचा आरंभ १९१९ साली ओटो फोलिन आणि शेन वू यांनी प्रसिद्ध केलेल्या रक्तविश्लेषणाच्या पद्धतीपासून करावा लागतो. त्यांची कृती अशी: एक भाग रक्त, सात भाग पाणी, एक भाग १० टक्के सोडियम टंग्स्टेट आणि एक भाग दोन-तृतीयांश नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. हे दोन-तृतीयांश कोठून आले? स्फटिकजलासह सोडियम टंग्स्टेटचा रेणुभार ३३० आहे. १० टक्के द्रावण म्हणजे ०.३०३ मोलर, त्यातील टंग्स्टिक आम्ल मुक्त करण्यास ०.६०६ नॉर्मल आम्ल पुरते. उरलेले ०.०६ रक्तातील कार्बोनेटाचे उदासिनीकरण करण्यासाठी व किंचित आम्लता राखण्यासाठी. रक्तरसात प्रथिने कमी म्हणून दोन्ही अभिकारक निम्मे व पाणी आठ भाग. प्रमाण साधले की रक्ताचा साका गुलाबीचा गडद तपकिरी होतो, आणि बाटली हलविली असता फेस जवळजवळ येत नाही. फेस आला तर प्रथिन शिल्लक आहे, म्हणजे आम्ल कमी पडले आहे. इतकी स्वस्त आणि इतकी निश्चित कसोटी पुढील पद्धतींत क्वचितच आढळते.

तरीही हा गाळीव द्रव निर्दोष नव्हता. तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन व अर्गोथायोनीन हे क्षपणकारी पदार्थ त्यात राहत, आणि तांब्याच्या क्षपणावर आधारलेल्या पद्धतींत ते साखर म्हणून मोजले जात. मायकेल सोमोजी यांनी १९३० साली जस्ताच्या हायड्रॉक्साइडाने प्रथिने खाली बसविण्याची युक्ती दिली, आणि त्यात हे पदार्थही खाली गेले. १९४५ च्या त्यांच्या सुधारित पद्धतीत झिंक सल्फेट व बेरियम हायड्रॉक्साइड तुल्य प्रमाणात वापरले जातात. झिंक हायड्रॉक्साइड व बेरियम सल्फेट दोन्ही अविद्राव्य, त्यामुळे अभिकारकांचे कोणतेही लवण गाळीव द्रवात उरत नाही. पण याच साक्याबरोबर यूरिक आम्लही जाते. म्हणजे ग्लुकोजसाठी उत्तम असलेला द्रव यूरिक आम्लासाठी वापरणे हा शुद्ध अविचार होईल. प्रथिने काढण्याची सर्वांना सारखी लागू पडेल अशी कोणतीही कृती नाही. मोजावयाचा पदार्थ कोणता, हे ठरल्यावाचून कृती निवडता येत नाही.

फॉस्फरससाठी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल वापरतात. सायरस फिस्के आणि भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये १९२५ साली प्रसिद्ध केलेली मॉलिब्डेटाची निळ्या रंगाची पद्धत आजही अनेक रूपांत प्रचलित आहे. स्नायूच्या गाळीव द्रवात हा निळा रंग तत्काळ न येता हळूहळू गडद होत जातो, हे त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्या एखाद्याने ती अभिकारकाची खोड समजून सोडून दिली असती. त्यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९२७ साली आम्लात विघटन पावणाऱ्या फॉस्फोक्रिएटिनीनचे नव्हे, तर फॉस्फोक्रिएटीनचे अस्तित्व जाहीर केले. क्रिएटीन व क्रिएटिनीन यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नाव नीट पाहून घ्यावे. रक्ताच्या बाबतीत हीच गोष्ट प्रमादाचे रूप घेते: पेशींतील सेंद्रिय फॉस्फेटे रेंगाळलेल्या नमुन्यात विघटित होतात व असेंद्रिय फॉस्फेटात भर घालतात.

आम्लाने प्रथिने काढताना आकारमानाची एक लहान चूक सहज निसटते. एक मिलिलिटर रक्तरसात सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिन असते व ते सुमारे ०.०५ मिलिलिटर जागा व्यापते. समभाग आम्ल घातल्यास एकूण दोन मिलिलिटर होतात, पण साका वगळता द्रव १.९५ मिलिलिटरच उरतो. त्यातील पदार्थाची संहती अपेक्षेहून अडीच टक्क्यांनी अधिक येते. नऊ भाग आम्ल घातले तर हीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. आजची स्वयंचलित यंत्रे प्रथिने न काढताच बहुतेक मापने करतात, म्हणून हा सारा विचार कालबाह्य झाला असे मानण्याचा मोह होतो. पण द्रव्यमानपंक्तीच्या साहाय्याने औषधे व संप्रेरके मोजणाऱ्या प्रयोगशाळांत रक्तरसावर दुपटी-तिपटीने ॲसिटोनायट्राइल ओतून पुन्हा तेच केले जाते.

साठवणीबद्दल थोडे. गोठविलेला रक्तरस वितळताना थरांत विभागतो. वरचा थर पातळ व तळचा दाट असतो. वितळताच वरून थेंब उचलणाऱ्याला सर्वच घटक कमी मिळतात. नळी हळुवारपणे दहाबारा वेळा उलटावी. फेस येईल इतकी हलवू नये, कारण फेसात प्रथिने विकृत होतात. बिलिरुबिनच्या नमुन्याला प्रकाशापासून जपावे. झाकण उघडे राहिले तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता घटते आणि आयनरूप कॅल्शियम कमी होते. लॅक्टेट डीहायड्रोजनेजच्या यकृतातील प्रकाराला थंडीच मानवत नाही.

समस्थानिक-विरलनाची पद्धत मापनाच्या अचूकतेची आजची सर्वोच्च पायरी समजली जाते. रक्तरस वजन करून घेतात, त्यात जड कार्बनयुक्त क्रिएटिनीनची वजन केलेली मात्रा मिसळतात, दोन्ही एकजीव होऊ देतात, आणि मग प्रथिने काढतात. पुढे गाळताना, धुताना जे काही हरवते ते जड व साध्या रेणूंचे सारखेच हरवते, व गुणोत्तर अबाधित राहते. या युक्तीचे सौंदर्य वादातीत आहे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. जड रेणू मिसळण्यापूर्वी जे घडून गेले, त्याची भरपाई ती करू शकत नाही.

रक्तविलयनाबाबत आजची यंत्रे अनेक तरंगलांबींवर शोषण मोजून एक निर्देशांक देतात, आणि त्यावरून पोटॅशियममधून ०.३ च्या पटीत वजाबाकी करावी असेही सुचविले गेले आहे. ही वजाबाकी टाळणेच इष्ट. पेशी रोग्याच्या शरीरातच फुटत असतील तर वाढलेले पोटॅशियम त्याच्या रक्तात खरोखर आहे, आणि वजाबाकी ते पुसून टाकते. आणि बर्फात ठेवलेल्या नळीत पोटॅशियम पाझरले असेल तर हीमोग्लोबिनचा पत्ताच नसतो; निर्देशांक शून्य दाखवितो. त्या नमुन्याविषयी काही सांगू शकणाऱ्या दोनच नोंदी असतात: रक्त घेतल्याची वेळ आणि रक्तरस वेगळा केल्याची वेळ. बहुतेक मागणीपत्रांवर पहिलीसाठी रकाना असतो व तो रिकामा असतो. दुसरीसाठी रकानाच नसतो.